शाळेच्या मंत्रिमंडळाला पाचशे रुपये द्या

नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय, ‘मुलांशी राजकारणावर बोलायचं कसं’. तिथे येणारच आहे. पण आधी शाळेच्या मंत्रिमंडळाबद्दल बोलू द्या, कारण सरकार नावाच्या गोष्टीशी मुलांची पहिली ओळख तिथे होते आणि तिथेच आपण ती चुकीची करून देतो.

समोर बसलेल्या शिक्षकांना हे पाठ आहे. जूनमध्ये शाळा भरते, जुलैत निवडणूक. मोबाइलवर मतदान यंत्राचं अ‍ॅप, बोटाला शाई, रांगा, फोटो. मुलं अगदी खुशीत असतात. मग मुख्यमंत्री, सहलमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सगळ्यांचा शपथविधी. आणि दुसऱ्या दिवशी? आरोग्यमंत्री नखं तपासतो, स्वच्छतामंत्री कागद उचलायला लावतो. हसताय, कारण तुमच्याही शाळेत हेच चालतं. हातात पैसा नाही, निर्णय नाही आणि जाब विचारणारं कोणीच नाही. मूल यातून एवढंच शिकतं की निवडून आलं की इतरांवर ओरडायची परवानगी मिळते.

आता खरी रचना बघा. २००३ साली ९१वी घटनादुरुस्ती झाली. मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांहून जास्त नको, असं ठरलं. आपल्या विधानसभेत २८८ आमदार, म्हणून मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३ मंत्री. मग उरलेले दोनशेहून जास्त आमदार काय करतात? नववीच्या वर्गात हा प्रश्न टाका. बहुतेक मुलं गप्प बसतील, कारण शाळेत त्यांनी फक्त मंत्री पाहिलेत.

म्हणून माझा आग्रह असा. शाळेत २० तुकड्या असतील तर प्रत्येकीतून एक, असे २० प्रतिनिधी निवडा. मुख्यमंत्री सगळ्या शाळेच्या मतांनी निवडू नका. या वीस जणांत ज्याच्यामागे ११ जण उभे राहतील तो. १५ टक्क्यांच्या हिशेबानं मंत्री तीन, बस्स. उरलेल्या १७ जणांचं काम प्रश्न विचारणं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्ध्या तासाची बैठक घ्या. प्रश्न तीन दिवस आधी लेखी द्यायचा. तो तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर हवं अशी खूण केलेला असेल, तर मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं आणि त्यावर दोन उपप्रश्न घ्यायचे. आणि दरमहा ५०० रुपये या मंत्रिमंडळाच्या हातात द्या. खर्चाचा कागद सूचनाफलकावर लागला पाहिजे, अट एवढीच.

(थेट निवडीवर मुलांना जरूर भांडू द्या. सरपंच थेट गावानं निवडायचा, हा बदल २०१७ साली आला, २०२० साली रद्द झाला आणि २०२२ साली परत आला. सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं असलं की ठराव कसे अडतात, हे गावातल्या आठवीच्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.)

यात काय बिघडतं तेही सांगतो. हात वर करून मतदान घेतलं की मुलं शेजारच्या बाकाकडे बघून हात वर करतात. म्हणून कोपऱ्यातल्या बाकावर पुठ्ठा उभा करा आणि घडी घातलेली चिठ्ठी डब्यात टाकू द्या. बाद मत कोणतं, हे मोजणीआधी ठरवा; नंतर ठरवलं तर भांडण हमखास. मोजताना प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस समोर बसवा. समान मतं पडली तर चिठ्ठी काढा, आपला कायदाही तेच सांगतो. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागाचा निकाल असाच लागला होता. सगळ्यात मोठा घोटाळा मात्र आपण मोठी माणसं करतो. उनाड मुलाचं नाव यादीतून गुपचूप कापतो आणि पहिल्या नंबरवाल्याला उभं करतो. मुलांना ते लगेच कळतं आणि त्यांचा विश्वास तिथेच उडतो. पहिल्या महिन्यात पाचशे रुपयांची चॉकलेटं आली तर येऊ द्या. पुढच्या शनिवारी सतरा जण विचारतील, फुटबॉलच्या पंपाचं काय झालं? मुख्याध्यापकांना ठराव नाकारायचा असेल तर नाकारावा, पण कारण लेखी द्यावं.

घड्याळ दाखवलं जातंय. घरच्या बोलण्याचं आता भरभर सांगतो.

लहान मुलांशी पुढाऱ्यांपासून सुरुवात नको. नळाला पाणी कोण सोडतं, घरपट्टीची पावती कोणी दिली, एवढं पुरे. उत्तर खरं द्या. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता. त्या काळात ‘आपला नगरसेवक कोण?’ असं मुलानं विचारलं असतं, तर ‘सध्या कोणीच नाही, आणि ते का ते सांगतो’ हे बरोबर उत्तर होतं.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला ग्रामसभेला न्या, मागे बसवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ती ठिकठिकाणी होते. घरी आल्यावर एकच विचारा, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही?

चौदा-पंधराच्या पुढे पक्ष, आरक्षण, धर्म सगळं येणार. आपलं मत लपवू नका, पण समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं त्याच दमात सांगा. ते सांगता येत नसेल तर विषय उद्यावर ढकला आणि तोवर वाचा. फॉरवर्ड आलेला व्हिडिओ एकत्र बसून तपासा: तारीख कोणती, जागा कोणती, आधी-नंतरचा भाग कुठे आहे? मुलासमोर एखाद्या जातीला किंवा पक्षाच्या मतदारांना ‘ते लोक’ म्हणालात, की पुढचं बोलणं तो मित्रांशी करेल, तुमच्याशी नाही.

शेवटचं. ज्यांच्या घरी सतरा पूर्ण झालेलं मूल आहे त्यांनी अठराव्याची वाट बघू नये. मतदार नोंदणीचा नमुना ६ चा अर्ज आगाऊ भरता येतो. अर्हतेच्या तारखा, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असायला हवीत त्या, आता वर्षाला चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अर्ज मुलालाच भरू द्या, तुम्ही फक्त नावाचं स्पेलिंग तपासा. बहुतेक दुरुस्त्या तिथेच निघतात.