चारी खांदताना कुणी इचारलं न्हाई

श्रोतेहो, नमस्कार.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि त्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, पाचशे पडला तरी माणसं म्हणतात, औंदा बरं झालं. जिल्हा एक, कलेक्टर एक. पण पाणी एकाच्या बांधावर आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत. म्हणून मी नेहमी म्हणते, पाणी किती आहे हे विचारून झालं की लगेच विचारा, ते कुणाकुणाला मिळतं. पुन्हा सांगते, कुणाकुणाला मिळतं.

हा प्रश्न आपल्याच मातीतल्या माणसांनी आधी विचारला. १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला आणि सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले कितीतरी गिरणी कामगार गावाकडं परतले. गावात बघतात तर दुष्काळ, आणि येरळा नदीतली वाळू ट्रकांनी चाललेली. वाळू गेली की काठच्या विहिरी तळ गाठतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवलं की वाळू गावाची आहे, तर त्यातली थोडीच विकायची आणि त्या पैशातून आपणच धरण बांधायचं. श्रमदानाला शहरांतनं कॉलेजची मुलं आली. धरणाला नाव दिलं बळीराजा स्मृती धरण. पाण्याचा वाटा ठरवला तो घराला, ज्याला गुंठाभर रान नाही त्याच्यासुद्धा घराला. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. उसाबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहून पाणी पितो, आणि शेजारच्या वाडीत बायका टँकरची वाट बघत बसतात. हे मला आजही पटत नाही.

आता भूमिहीनाला पाण्याचा वाटा कशाला, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. माझ्या आजोळी आलं होतं.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. बलवडीची कुणकुण आसपासच्या गावांत पोचलेली होती. आजोळच्या गावानं ओढ्याचं पाणी अडवून एक चारी, म्हणजे रानाकडं पाणी नेणारा पाट, काढली. उन्हाळाभर घरटी एक माणूस खोदायला. काम संपलं आणि देवळापुढं बैठक बसली. मी पारावर आजोबांच्या मांडीला टेकून बसलेले. एकजण वही घेऊन नावं लिहीत होता. नाव काय, एकर किती. नाव काय, एकर किती. ओळीनं चाललेलं.

बायका देवळाच्या भिंतीकडंनं बसलेल्या. त्यातनं आक्का उठली. सगळं गाव तिला आक्काच म्हणायचं. नवरा गिरणीतनं परत आलेला, छातीनं अधू. घरात एक म्हैस, आणि रान नाही. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "माजं बी नाव घ्या."

लिहिणारा म्हणाला, "आक्का, एकर किती लिहू?"

"एकर न्हाई."

"मग पाणी कशाला?"

तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले. तळव्यांवर कुदळीचे घट्टे होते, अंगठ्याखालचा एक फुटून वाळलेला. म्हणाली, "चारी खांदताना कुणी इचारलं न्हाई, किती एकर हाय म्हणून."

पाराखाली चुळबूळ थांबली. माझे आजोबाच मग बोलले. "अगं, पण वतशील कुठं ते पाणी?"

"ते मी बघीन, तात्या. ज्येच्या रानात घालीन त्यो मला कडबा दील. माज्या म्हशीला वैरन लागतीया का न्हाई?"

लिहिणाऱ्यानं वहीत नवऱ्याचं नाव लिहिलं. तिनं ते खोडायला लावलं. ती खाडाखोड मी वाकून बघितली होती. निळ्या शाईची काट, आणि तिच्यावर तिचं नाव.

आजोबा घरी येईपर्यंत गप्प होते. त्यांना ते आवडलं नव्हतं.

इथं एक बोलून घेते. ती बैठक रात्री जेवणं उरकल्यावर झाली, म्हणून आक्का आली. आज ग्रामसभा दुपारी अकराला ठेवतात आणि मग म्हणतात, बायका येत नाहीत. अकराला बाई भांगलणीत असते हो! सरपंच मंडळींनी मनावर घ्यावं, सभा दिवेलागणीनंतर ठेवावी.

पुढं १९९३ पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, मुक्ती संघर्षवाले भारत पाटणकर बरोबर होते. तिथं हीच मागणी दुष्काळी तालुक्यांच्या तोंडी आली, समन्यायी पाणीवाटप. शब्द मोठा आहे. मला तो ऐकला की आक्काचे तळवे दिसतात. समन्यायी म्हणजे घराला वाटा. एकराला नव्हे, घराला.

तर, पुढच्या वर्षीची गोष्ट. रब्बीत शाळू, म्हणजे ज्वारी, पोटरीत आला, कणीस बाहेर पडायच्या बेतात, आणि आजोबांच्या वाट्याचं पाणी एका पाळीनं कमी पडलं. पानं दुपारची सुरळी व्हायला लागली. दोन दिवस त्यांनी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी सकाळी धोतर झाडलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, चल. आम्ही थेट आक्काच्या दारात. ती म्हशीची धार काढत होती, उठली नाही.

आजोबा म्हणाले, "आक्का, तुजी पाळी देतीस का मला?"

चरवीत धारेचा आवाज चालूच होता. मग ती म्हणाली, "देती की, तात्या. कडबा किती पेंड्या?"

"पन्नास."

"शंबर."

आजोबांनी शंभर कबूल केल्या. रात्री आम्ही रानाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलो, तर आक्का आमच्या आधी चारीवर येऊन कंदील घेऊन उभी होती.