कवटीपेक्षा जबडा जास्त बोलतो

नमस्कार मंडळी. माणसाचे पूर्वज म्हटलं की सगळे आधी मेंदू केवढा होता हेच विचारतात, पण मला आज जबड्याबद्दल बोलायचंय, कारण एक मोठा घोळ खालच्या जबड्यानेच सोडवलाय.

टांझानियात ओल्डुवायला 1960 साली जीवाश्म शोधणाऱ्या लीकी कुटुंबाला एका लहान मुलाचा जबडा सापडला, साधारण 18 लाख वर्षांपूर्वीचा. त्यावरून 1964 ला होमो हॅबिलिस ही प्रजाती जाहीर झाली (होमो म्हणजे आपण ज्यात मोडतो तो माणसांचा गट). आता अडचण अशी की तो जबडा मातीच्या दाबाने मोडून वाकडा झालेला, त्यामुळे त्याचा खरा आकार काय होता यावर वर्षानुवर्षं वादच चालू. शेवटी मार्च 2015 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात संशोधक फ्रेड स्पूर आणि त्यांच्या टीमने सीटी स्कॅन करून कॉम्प्युटरवर तुकडे जागच्या जागी बसवले, आणि निघालं काय, तर जबडा लांबट, अरुंद, दोन्ही बाजूंच्या दाढांच्या रांगा जवळजवळ समांतर! आपल्या रांगा बघा, मागे जाताना फाकतात. हॅबिलिसचा जबडा मात्र ल्यूसीच्या (होमोच्याही आधीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकस या पूर्वजाचा इथिओपियातला प्रसिद्ध सांगाडा) जातभाईंसारखा, म्हणजे खूप जुन्या वळणाचा. त्याच काळात होमो रुडॉल्फेन्सिस आणि होमो इरेक्टस या आणखी दोन प्रजाती पण होत्या, तिघांच्या मेंदूचे आकडे एकमेकांत मिसळतात, त्यावरून वेगळं काढता येत नाही, पण जबडे समोर ठेवले की फरक दिसतोच.

आणि खरी गंमत पुढेच आहे. इथिओपियात हदारला 23 लाख वर्षांपूर्वीचा एक वरचा जबडा मिळालेला, तो हॅबिलिसपेक्षा जुना असूनही जास्त आपल्यासारखा. म्हणजे हॅबिलिसचा फाटा त्याच्याही आधी फुटलेला असणार, त्या दोघांचा पूर्वज अजून मागे शोधायला हवा.

तो मिळाला असावा असं वाटायला लावणारा तुकडा त्याच मार्च 2015 मध्ये जाहीर झाला! इथिओपियातच लेडी-गेरारू इथे 2013 मध्ये चलाचेव सेयूम या इथिओपियन विद्यार्थ्याला सापडलेला, डावा अर्धा जबडा, पाच दात, वय 28 लाख वर्षं. दाढा होमोसारख्या सडपातळ, पण हनुवटीचा भाग ल्यूसीच्या मंडळींसारखा मागे झुकलेला, दोन्ही खुणा एकाच हाडात, मला तर हे फार भारी वाटतं. तरी संशोधकांनी त्याला प्रजातीचं नाव दिलं नाही, नुसतं होमो म्हणून ठेवलं, आणि माझ्या मते तेच बरोबर केलं, अर्ध्या जबड्यावर त्याहून जास्त भार टाकता येत नाही.