पाडव्याचा ताळेबंद: सरलेलं वर्ष कागदावर कसं मांडायचं

(जर्मनीतील मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार आणि पाडव्याच्या शुभेच्छा.

आज तिकडे भारतात व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर वहीपूजन झालं असेल. त्या वह्या लिहिणाऱ्यांची एक शिस्त असायची. आधी रोजकीर्द, म्हणजे घडेल तशी नोंद. मग खतावणी, प्रत्येक नोंद आपापल्या खात्यात. मग तेरीज, बेरजा जुळतात का ते पाहायला. ताळेबंद सगळ्यात शेवटी. आपण मात्र वर्षाचा विचार करायला बसलो की पहिल्या तिन्ही पायऱ्या गाळून थेट ताळेबंदावर येतो: ‘वर्ष बरं गेलं’ किंवा ‘वर्ष वाया गेलं’. दोन्ही निकाल नोंदीशिवाय दिलेले, म्हणून दोन्ही कच्चे.

नुसत्या आठवणीवर विसंबलं तर काय होतं? शेवटचे दोन महिने सगळं वर्ष झाकून टाकतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं की एखादा अनुभव कसा होता हे आपण त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि त्याच्या शेवटावरून ठरवतो. तो किती वेळ चालला याला जवळजवळ किंमतच देत नाही. म्हणजे ऑक्टोबरात मॅनेजरशी वाजलं की फेब्रुवारी ते जुलै नीट चाललेलं काम हिशेबात येत नाही. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली दुसरी खोड दाखवली: निकाल कळल्यावर तो आधीपासून दिसतच होता असं वाटायला लागतं. ‘मला तेव्हाच कळायला हवं होतं’ हे वाक्य कागदावर उतरलं, तर सरळ खोडा.

कीर्द लिहायला बारा कोरे कागद घ्या, महिन्याला एक. दीड तासाची एक बैठक पुरते. साधनं घरातच आहेत: फोनमधले फोटो महिन्यावार, बँकेचं विवरण, कॅलेंडर, पाठवलेले ईमेल. मेलबॉक्समध्ये ‘लायडर’ (leider, म्हणजे ‘दुर्दैवाने’) हा शब्द शोधा. इथली जवळजवळ प्रत्येक नकाराची चिठ्ठी त्याच्याशिवाय पुरी होत नाही, त्यामुळे नोकरीचे, घराचे, अपॉइंटमेंटचे सगळे नकार तारखेसह एका जागी मिळतात. बघायला जिवावर येतं खरं. पण आठवणीत जे ‘शंभर नकार’ असतात ते मोजल्यावर बरेचदा त्याच्या पावपटही निघत नाहीत.

या बैठकीत विशेषणं लिहायची नाहीत. ‘मार्चमध्ये आळस केला’ ही नोंद नव्हे. ‘मार्चमध्ये क्लासच्या आठपैकी तीन तासांना गेले’ ही नोंद. खतावणी त्याच दिवशी करू नका, मधे निदान दोन रात्री जाऊ द्या. ताज्या रागात माणूस सगळंच स्वतःच्या नावे टाकतो, नाहीतर सगळंच दुसऱ्याच्या.

खाती चार-पाचच ठेवा: तब्येत, कामधंदा, पैसा, भाषा-शिक्षण, माणसं. दहा-बारा केलीत तर प्रत्येकात दोनच नोंदी पडतात आणि काहीच दिसत नाही. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने: मी काय केलं, परिस्थितीने किंवा इतरांनी काय केलं, अजून काय उरलं. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा, आणि रिकामा राहतो तोही तोच.

आता एक अपयश घेऊन बघू. आपल्यात वारंवार ऐकू येणारं: ‘बी-वन नापास’, म्हणजे जर्मन भाषेच्या मधल्या पातळीच्या परीक्षेत नापास. इथे त्याला वजन आहे, कारण ब्ल्यू कार्डवाल्यांना (म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्यांना) कायम वास्तव्याचा परवाना ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक, भाषेवर २७ महिन्यांनी मागता येतो, बी-वनवर २१ महिन्यांनीच. पण ‘नापास’ एवढीच नोंद केली तर तिचं काही करता येत नाही, ती मनावर दगडासारखी पडून राहते. ती फोडा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे पुण्या-मुंबईत ज्याला आपण मॅक्सम्युलर भवन म्हणतो त्यांच्या, बी-वन परीक्षेत चार सुटे भाग आहेत: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात आणि राहिलेला भाग वेगळा देता येतो. समजा वाचनात ८०, लेखनात ६८, संभाषणात ६४ आणि श्रवणात ५३ आले. मग वर्षाची खरी नोंद अशी: तीन भाग जमा, श्रवणाचे सात गुण येणे.

आणखी फोडा. श्रवणाचे चार विभाग असतात. पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. आपली माणसं घसरतात ती बहुधा या एकदाच ऐकवल्या जाणाऱ्या विभागांत, आणि कारण उघड आहे: ऑफिसात इंग्रजी, घरात मराठी, कानावर जर्मन पडते ती एस-बानच्या, म्हणजे लोकल गाडीच्या, घोषणेपुरती. घरी सराव करताना आपण क्लिप पाच वेळा ऐकतो, उतारा समोर ठेवतो, आणि सगळं समजलं असं वाटतं. परीक्षेत ती सोय नाही. म्हणून सराव असा: आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं, आधी प्रश्न वाचायचे, मग एकदाच ऐकायचं, उत्तरं लिहायची, आणि त्यानंतरच उतारा उघडून कुठे निसटलं ते बघायचं. ‘माझी जर्मन कच्ची आहे’ या रडगाण्यापेक्षा हे कितीतरी हलकं ओझं आहे. ज्यांनी टेल्क या दुसऱ्या संस्थेची परीक्षा दिली त्यांनी आपलं गुणपत्रक वेगळं वाचावं, तिथली विभागणी अशी नाही.

यशाच्या नोंदीही फोडाव्या लागतात, हे आपण विसरतो. गाडीचा परवाना घ्या. भारतीय परवाना इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चालतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. लेखीत ३० प्रश्न, दहापर्यंत दोषगुण माफ; पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होऊनही नापास. इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. प्रत्यक्ष परीक्षेत पुण्यात दहा वर्षं गाडी हाकलेला माणूस अडतो तो वळण्याआधी खांद्यावरून मागे न बघण्यात, उजवीकडे वळताना सरळ जाणाऱ्या सायकलवाल्यासाठी न थांबण्यात, आणि गल्लीत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ न देण्यात. जो दुसऱ्या खेपेला पास झाला त्याने ‘परवाना मिळाला’ एवढंच लिहू नये. मधल्या काळात काय बदललं? शिक्षक बदलला, की त्याच रस्त्यांवर चार तास जास्त चालवली, की परीक्षेच्या वेळी रस्ता मोकळा मिळाला? नशिबाचा वाटाही प्रामाणिकपणे लिहा. कारण माहीत नसलेलं यश पुढच्या कामाला वापरता येत नाही.

काही नोंदी मात्र आपल्या खात्यावर नसतातच. कंपनीने अख्खा विभाग बंद केला, भारतात आईची शस्त्रक्रिया निघाली, पदवीच्या मान्यतेचा अर्ज कार्यालयात महिनोन्‌महिने पडून राहिला. जोडीदाराबरोबर इथे आलेल्या आणि स्वतःची पदवी मान्य होण्याची वाट पाहणाऱ्या अनेकजणी वर्षाच्या हिशेबात ‘काहीच केलं नाही’ असं लिहितात. त्या वाट पाहण्यात कागदपत्रं जमवणं, शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतरं करून घेणं, मुलांसाठी किटात, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळवणं हे सगळं झालेलं असतं. ते किर्दीत आलंच पाहिजे. आणि नवरा-बायकोंनी आपापले कागद वेगळे भरावेत, नंतर एकमेकांना वाचून दाखवावेत. दुसऱ्याचा कागद भरायला घेतला की भांडण ठरलेलं.

जवळचं माणूस गेलं असेल तर तो महिना कोरा सोडा. झोप न लागणं, भूक न लागणं, कशातच रस नसणं हे दोन आठवड्यांपलीकडे रेंगाळलं तर कागद-पेन बाजूला ठेवून हाउसआर्ट्‌सना, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरांना, गाठा.

तेरीज दहा मिनिटांची. ‘तब्येत सगळ्यात महत्त्वाची’ असं म्हणत असाल तर कॅलेंडरमध्ये आणि बँकेच्या विवरणात ती दिसते का? जिमची वर्गणी बारा महिने कापली गेली आणि हजेरी चार महिन्यांची असेल, तर तिथेच उत्तर आहे. करार वेळेत रद्द केला नाही म्हणून पैसे जात राहतात हा इथला ठरलेला खड्डा. रद्द करण्याची मुदत आजच कॅलेंडरमध्ये टाका.

पुढच्या वर्षासाठी दोनच गोष्टी घ्या, आणि त्यांना लागणारा वेळ स्वतःच्या अंदाजावर ठरवू नका. १९९४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल म्हटलं, लागले ५५ च्या वर. आपल्या किर्दीतलं मागचं तसलंच काम काढा, त्याला प्रत्यक्ष किती दिवस लागले ते बघा आणि तेवढेच धरा. सवयीचंही तसंच. लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ इतके. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. २१ दिवसांचं ते लोकप्रिय गणित सोडून द्या.

हे ६६ दिवस आज मोजायला घेतले तर ऐन हिवाळ्यात संपतात, साडेचारला अंधार पडतो तेव्हा. त्यामुळे बाहेर पळायला जाण्याचा संकल्प दिवाळीत करणं म्हणजे तो बुडवायची सोय करणं. घरातली कामं आज सुरू करा: भाषा, वाचन, स्वयंपाक, झोपेची वेळ. मैदानावरची गुढीपाडव्याला, मार्चअखेरीस घड्याळं तासभर पुढे जातात त्या सुमारास. आणि संकल्प लिहिताना वार, वेळ, जागा लिहा: ‘मंगळवार-गुरुवार, ऑफिस सुटल्यावर एस-बानमध्ये बसल्याबरोबर, २० मिनिटं श्रवण’.

तीन रकान्यांच्या कोऱ्या तक्त्याच्या प्रती चहाच्या टेबलापाशी ठेवल्या आहेत. घरटी दोन उचला. मुलं चौदा-पंधराची असतील तर त्यांच्यासाठीही घ्या, पण त्यांचा तक्ता त्यांनी दाखवला तरच बघा.