मासा दुपारी, डाळभात रात्री

नमस्कार श्रोते हो.

फेब्रुवारी चालू आहे, तळ्यांवर बर्फाचा जाड थर आहे, आणि मी आज कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी होडी, आणि गळ घेऊन अस्वलांच्या जंगलात जाण्याविषयी बोलणार आहे. वेळ मुद्दाम निवडली आहे. उन्हाळ्यात ज्यांना कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कच्या आत मुक्काम करायचा आहे, त्यांनी नकाशा पसरून बसायचे दिवस हेच.

टोरोंटोपासून उत्तरेला तीनएक तासांवर असलेलं अल्गॉन्क्विन पार्क १८९३ साली स्थापन झालं. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे माझ्या रायगड जिल्ह्याहून थोडं मोठंच. आत दोन हजारांहून जास्त तळी. दक्षिणेकडच्या भागातून हायवे ६० जातो, तो छप्पन्न किलोमीटर. तिथून आत शिरायचं ते वल्ह्याच्या जोरावर. तळं संपलं की कॅनू डोक्यावर उलटी घ्यायची आणि पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. त्या वाटेला इथे पोर्टेज म्हणतात. इथले मूळ रहिवासी अल्गॉन्क्विन लोक बर्च झाडाच्या सालीच्या कॅनूतून या पाण्यावरून फिरत होते, तेव्हा पार्क नव्हतं, हायवेही नव्हता. त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या पाण्यावर आपण पाहुणे म्हणून जातो, हे मला तिथे गेल्यावर दरवेळी जाणवतं.

माझं बालपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेलं. त्यामुळे गळ हातात धरायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. शिकावं लागलं ते वासाविषयी. या प्रवासाचा बेत म्हणजे खरं तर वासाचा बेत असतो. आपल्या घरांत वास म्हणजे जेवण तयार झाल्याची खूण. अस्वलालाही त्याचा अर्थ तोच कळतो, फक्त फार लांबून.

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते. संध्याकाळी गळाला दोन ट्राउट, म्हणजे गार, गोड्या पाण्यातले मासे, लागले. अंधार पडत आला होता, मुलं दमली होती, म्हणून मासे दोरीत ओवून काठाशी पाण्यात बांधून ठेवले. आमची आजी जिवंत खेकडे असेच बांधून ठेवायची, तेच डोक्यात होतं. पहाटे पाण्यात खळबळ ऐकू आली. तंबूच्या जाळीतून पाहिलं तर वीस पावलांवर काळं अस्वल. त्याने दोन्ही मासे खाल्ले आणि मग आदल्या रात्री आम्ही जिथे तवा ठेवला होता, ते दगड चाटत बसलं. आम्ही बाहेर येऊन पातेली वाजवली, ओरडलो, तेव्हा ते सावकाश गेलं. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. माणसाच्या मुक्कामावर खायला मिळतं, हे ज्या अस्वलाला एकदा कळतं ते पुन्हा येतं. पुढच्या तंबूत दुसऱ्या कुणाची तरी मुलं असतात. आणि असं धीट झालेलं अस्वल पुष्कळदा गोळी खाऊन मरतं. त्या अस्वलाला तो धडा आम्ही दिला होता.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे: मासा दुपारी, डाळभात रात्री. मासा मिळाला की मुक्कामापासून दूरच्या, उघड्या खडकाच्या काठाला थांबायचं. आग पेटवायची नाही, स्टोव्हवर रव्यात घोळवून तळायचा, पोटभर खायचं, भांडी पाण्यापासून लांब नेऊन स्वच्छ करायची आणि पुन्हा वल्हं मारत निघायचं. तो वास मागे राहतो, आपण पुढे जातो. आतडी आणि काटे मुक्कामाच्या आणि पोर्टेजच्या जागांपासून खूप लांब. चुलीच्या खळग्यात किंवा काठच्या उथळ पाण्यात कधीच नाही. मासा हाताळला तो टॉवेल आणि तो शर्टही तंबूत न्यायचा नाही.

आता शिध्याविषयी, कारण आपल्या लोकांची खरी अडचण इथे होते. पार्कच्या आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि खाण्यापिण्याचे टिनचे डबे न्यायला बंदी आहे. म्हणजे लोणच्याची बरणी घरी. लोणचं आणि तूप प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत भरा. सुका बोंबील, सोडे, जवळा मात्र नेऊ नका, मन कितीही ओढलं तरी. माझंही ओढतं. त्याऐवजी मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ, पिठल्याचं बेसन, दाण्याचे लाडू. वजनाला हलकं, पोटाला आधार. फोडणी घालायची ती सूर्य वर असताना.

हे सगळं झाकण आवळून बंद होणाऱ्या निळ्या पिंपात जातं. भाड्याने कॅनू देणारे तेही देतात. पिंपामुळे वास कमी होतो, पण पिंप अस्वलाला फोडता येत नाही असं समजू नका. रात्री ते तंबूपासून चांगलं लांब, माणसाच्या दुप्पट उंचीहून वर आणि खोडापासून बाजूला दोरीने टांगायचं. काळं अस्वल झाडावर सहज चढतं. पिंपात फक्त शिधा नसतो. टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, उन्हाचं क्रीम, औषधी गोळ्या, उदबत्तीची पुडी, कचरा, सगळं आत. आणि झोपण्यापूर्वी मुलांचे खिसे तपासायचे. आमच्या धाकट्याच्या रेनकोटात मला दोनदा चिक्की सापडली आहे.

बेटावर तंबू ठोकला की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. अस्वल उत्तम पोहतं. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये ओपिओंगो तळ्यातल्या बेट्स बेटावर एका जोडप्याला काळ्या अस्वलाने मारलं. त्याआधी १९७८ च्या मे महिन्यात पार्कमध्ये मासे धरायला गेलेली तीन मुलं अशीच गेली. इतक्या वर्षांत लाखो माणसं इथे राहून सुखरूप परतली आहेत. अशा घटना फार विरळ आहेत. तरी मी त्या सांगते, कारण त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. फुत्कारणारं, जमिनीवर पंजा आपटणारं अस्वल बहुतेक वेळा आपल्याला दूर व्हायला सांगत असतं. जे आवाज न करता, नजर लावून मागे मागे येतं, त्याची काळजी जास्त.

अस्वल दिसलं तर पळायचं नाही. ते ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास धावू शकतं. मुलांना जवळ ओढा, शांत पण ठाम आवाजात बोला, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका, त्याला जायला वाट ठेवा. कॅनू जवळ असेल तर पाण्यात चला. ते पुढे येतच राहिलं तर हात वर करून मोठे दिसा, ओरडा, भांडी वाजवा. आणि अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग घेऊ नका. ते पश्चिमेकडच्या ग्रिझली जातीच्या अस्वलाच्या बाबतीत सांगतात, पिलांसाठी किंवा दचकून अंगावर आलेल्या ग्रिझलीच्या बाबतीत. अल्गॉन्क्विनमध्ये ग्रिझली नाही. काळ्या अस्वलाशी वल्हं, दगड, हाताला लागेल त्याने लढायचं. मेळघाट-ताडोबाच्या अस्वलांविषयी आपण जे ऐकलंय तेही इथे लागू करू नका. ती जात निराळी, स्वभाव निराळा.

अस्वलाचा स्प्रे घ्या. तो मिरचीच्या तिखट अर्काचा असतो आणि काही मीटरच जातो. डासांच्या औषधासारखा तंबूवर किंवा अंगावर मारायचा नसतो. तो कमरेला हवा, पिशवीच्या तळाशी असून उपयोग नाही. पोर्टेजवर तर नक्कीच, कारण डोक्यावर कॅनू असली की समोरचं पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. तिथे आवाज करत चालायचं, म्हणजे अस्वल दचकत नाही. आमची मुलं पाढे म्हणतात. सतराच्या पाढ्याला कॅनू हमखास थांबते.

कधी जायचं? बर्फ वितळल्यावर मे महिन्यात ट्राउट वरच्या गार पाण्यात असतात, गळाला पटकन लागतात. जुलैत त्यांतली लेक ट्राउट ही जात खोल जाते. पण मेमध्ये पाणी इतकं थंड असतं की कॅनू उलटली तर थोड्याच मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. मला अस्वलापेक्षा त्या पाण्याची धास्ती जास्त आहे. लाइफ जॅकेट बोटीत असणं कायद्याने लागतंच. ते अंगात घाला. शिट्टी आणि पंधरा मीटरचा तरंगणारा दोरही लागतो. मेच्या मध्यापासून जूनभर काळ्या माश्या फोडून काढतात. लहान मुलं असतील तर माझं मत सप्टेंबरचं: माश्या नाहीत, पाण्यात थोडी ऊब उरलेली, आणि ट्राउटचा हंगाम महिनाअखेरपर्यंत चालू. मात्र शरदात अस्वलं हिवाळ्यासाठी दिवसभर खात असतात, तेव्हा पिंपाची शिस्त दुप्पट.

मासेमारीचा परवाना आधी काढा आणि कोणत्या तळ्यात किती मासे ठेवता येतात ते वाचा. जिवंत मासे आमिष म्हणून अल्गॉन्क्विनमध्ये चालत नाहीत. बाहेरचा एखादा मासा निसटून तळ्यात वाढला तर तिथल्या ट्राउटचं अन्न जातं.

पहिल्या वेळेसाठी मी कॅनू लेक नावाचं तळं सांगेन. तिथून 'जो' नावाच्या तळ्यापर्यंत २९५ मीटरचं एकच पोर्टेज, मग टेपी आणि लिटलडो ही तळी करत टॉम थॉमसन तळ्यापर्यंत वल्हवत जाता येतं. ज्या चित्रकाराचं नाव त्या तळ्याला आहे, तो १९१७ साली कॅनू लेकमध्येच गेला. काठावर त्याचं स्मारक आहे, तिथे जरूर थांबा. ओपिओंगो पार्कमधलं सर्वांत मोठं तळं, तिथे दुपारी वारा उठला की लाटा कॅनूत येतात. ते पुढच्या वर्षी, आणि पहाटेच ओलांडायचं.

आरक्षण पाच महिने आधी, सकाळी उघडतं. पंधरा जुलैची रात्र हवी असेल तर पंधरा फेब्रुवारीला आरक्षण उघडण्याच्या आधी संगणकासमोर बसा. आरक्षण तळ्याचं होतं, जागेचं नाही. केशरी पाटी लावलेली रिकामी जागा दिसेल ती तुमची, म्हणून दुपारी दोनच्या आत पोहोचायचं धरा.

आत मोबाइल लागत नाही. आम्ही निघण्यापूर्वी एक कागद टोरोंटोजवळच्या मिसिसागाला नणंदेकडे देतो. त्यावर गाडीचा नंबर, कुठून पाण्यात उतरणार, कोणत्या रात्री कोणत्या तळ्यावर, कॅनूचा रंग, आणि पार्कच्या कार्यालयाचा फोन. खाली लिहिलेलं असतं: रविवारी रात्री नऊपर्यंत आमचा फोन आला नाही, तर तू त्यांना फोन कर. ती तो कागद फ्रिजवर लावते, आणि हायवेवर मोबाइलला रेंज आली की आमचा पहिला फोन तिलाच जातो.

नमस्कार.