पावतीवरचे शेवटचे दोन दिवस

नमस्कार श्रोतेहो.

यंदा भाऊबीज उरकली आणि आम्ही नवराबायको दोन मोटारसायकली घेऊन पुण्याहून नेपाळला निघालो. परवा परत आलो. मुक्तिनाथबद्दल सगळे विचारतात, पण माझ्या मनातून जात नाहीत ते शेवटचे दोन दिवस. आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

आपली गाडी नेपाळात न्यायची, तर सीमेवर भन्सार भरावा लागतो. भन्सार म्हणजे जकात. जितके दिवस राहणार, तितक्या दिवसांचे पैसे आगाऊ. मुदत उलटली तर दंड. आमच्या पावतीवर लिहिलं होतं, कार्तिक १२ ते मंसिर ३. मंसिर म्हणजे त्यांचा कार्तिकानंतरचा महिना. अक्षरं देवनागरी, आकडेही देवनागरी, त्यामुळे वाटतं, आपल्याला सगळं कळलं. पण आपला कार्तिक चंद्राच्या चालीनं जातो, त्यांचा सूर्याच्या. मी मनाशी धरलेला हिशेब चांगला दोन दिवसांनी चुकला होता. परतीच्या वाटेवर तानसेन नावाच्या डोंगरातल्या गावी लॉजच्या मालकीणबाईंनी पावती हातात घेतली आणि म्हणाल्या, "दिदी, परवाच तीन मंसिर."

ह्यांच्या मनात लुंबिनी होती. "सीमेजवळच्या भैरहवापासून वीस-बावीस किलोमीटर तर आहे, पहाटे निघू, जाता जाता होईल." मी नाही म्हटलं. बुद्धाच्या जन्मस्थळी जाता जाता डोकावायचं, हे मला पटेना. आणि दुसरं कारण माझ्या डाव्या गुडघ्यावर होतं.

मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्याही वर आहे. तिथून उतरताना काली गंडकीच्या खोऱ्यात ऊन चढलं की वारा सुटतो, तो खालून वर, थेट तोंडावर. एका बाजूला धवलगिरी, एका बाजूला अन्नपूर्णा, मधल्या चिंचोळ्या दरीतून तो घुसतो. जातानाही हाच वारा होता, तेव्हा तो पाठीशी होता आणि आम्ही पूर्ण सावध होतो. येताना वारा सोसून खालच्या बेनी गावाजवळ आलो, वारा पडला, आणि माझं मन पुण्याला पोचलं. दूधवाल्याला कधीपासून सांगायचं, कुंड्यांना पाणी कोणी घातलं असेल. तेवढ्यात पुढचं चाक खडीवर सरकलं. वेग माणसाच्या चालण्याइतका. गुडघा सोलवटला, ब्रेकची लिव्हर वाकली. अवघड रस्ता केव्हाच मागे पडला होता.

म्हणून तानसेनचा तो उरलेला दिवस आम्ही कुठेही गेलो नाही. सकाळी श्रीनगर टेकडीवर चढून बर्फाची शिखरं डोळे भरून पाहिली. मग लॉजच्या अंगणात बसून जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेन घासली. कडीन् कडी. काली गंडकीची करडी, पिठासारखी माती ग्रीसमध्ये कालवून काळा लगदा झाली होती, नखांत अजून आहे. चेन इतकी सैल पडली होती की बोटानं उचलली तर दीड-दोन इंच वर येत होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं मागचं चाक सरकवून ती ताणून दिली, लिव्हर अलगद सरळ केली आणि पैसे घेताना म्हणाला, "बिस्तारै जानुस् है, दिदी." म्हणजे, सावकाश जा हं, ताई.

दुसऱ्या दिवशी बुटवलपर्यंतचा घाट तसाच उतरलो, बिस्तारै. या घाटात सिद्धबाबाच्या देवळाजवळ दरड कोसळण्याची भीती बारमाही असते. तिथे वर पाहायचं, पुढे पाहायचं आणि मागच्या गाडीच्या हॉर्नकडे लक्ष द्यायचं नाही. दर अर्ध्या तासानं थांबत होतो. हे एकदाही घड्याळाकडे बघून बोलले नाहीत.

सीमेवर पावती दिली. सीमेअलीकडे, भारतातल्या सुनौलीत आल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं मागे घेतलं. पुढे गोरखपूर, वाराणसी, जबलपूर, नागपूर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, म्हणून तिथून अमरावती-अकोल्याच्या जुन्या रस्त्यानं. एकट्या नागपूर-पुणे टप्प्याला दोन दिवस दिले. वाटेत दोनदा चेन तपासली.

गाडी अजून धुतलेली नाही. लुंबिनी राहिली आहे. तिच्यासाठी वेगळं जायचं, आणि तिथे निदान एक मुक्काम करायचा, असं आमचं ठरलं आहे.