बूट पार्टिशन भरतं तेव्हा: कर्नल अपग्रेडमधला जागेचा हिशेब

लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, अपग्रेड चालू असतं आणि मध्येच ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश येऊन सगळं अडतं. ‘डीएफ -एच’ चालवून पाहावं तर मुख्य डिस्कवर भरपूर जागा, पण ‘/बूट’, म्हणजे बूटच्या फाइल्सचं वेगळं पार्टिशन, शंभर टक्के भरलेलं. अशा वेळी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. त्या क्षणी सर्व्हरला काहीही झालेलं नाही. चालू कर्नल मेमरीत आहे, सेवा सुरू आहेत. धोका आहे तो पुढच्या रीबूटला. म्हणून ‘एकदा रीस्टार्ट करून बघू’ हा विचार तेवढा मनात आणू नका.

हा धोका नेमका कुठून येतो ते आधी पाहू. ‘/बूट’मध्ये प्रत्येक कर्नलच्या मुख्यतः चार फाइल्स असतात. ‘व्हीएमलिनझ’ (खुद्द कर्नल) साधारण १० ते १५ एमबी, ‘कॉन्फिग’ काही शे केबी, ‘सिस्टिम डॉट मॅप’ फार तर काही एमबी, आणि ‘इनिटआरडी’, म्हणजे मूळ डिस्क माउंट होण्याआधी कर्नल मेमरीत उघडतं ती छोटी फाइलसिस्टिम. जागा खाते ती ही चौथी. सर्वसाधारण सर्व्हरवर ती ६० ते १०० एमबी असते, आणि ग्राफिक्स कार्डांचं फर्मवेअर आत आलं की त्याहून बरीच मोठी. तिच्यातच डिस्कचे ड्रायव्हर, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे विभागणारी व्यवस्था) आणि एन्क्रिप्शन उघडण्याची साधनं असतात.

डेबियन-उबुंटूवर पॅकेज उघडताना आधी व्हीएमलिनझ जागेवर बसते आणि त्यानंतर इनिटआरडी बनवणारं ‘अपडेट-इनिटरामएफएस’ चालतं. जागा संपते ती इथे. म्हणजे नवं कर्नल आलं, पण त्याची इनिटआरडी तयार झालीच नाही. पुढे कुठल्याही कारणाने ‘अपडेट-ग्रब’ चाललं, की ग्रबला, म्हणजे कर्नल निवडून चालू करणाऱ्या बूटलोडरला, सर्वांत नवी आवृत्ती दिसते. तो ती यादीत पहिली लावतो, पण इनिटआरडीच्या ओळीशिवाय. रीबूट केल्यावर कर्नल उठतं, त्याला मूळ फाइलसिस्टिम सापडत नाही आणि ‘अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ असं म्हणून ते पॅनिक होतं, म्हणजे तिथेच थांबतं. दूरच्या डेटा सेंटरमधल्या यंत्राचा कन्सोल हाताशी नसेल, तर ही फार कठीण वेळ असते.

आता इलाज. सुरुवात ‘युनेम -आर’ने करा. जे कर्नल चालू आहे त्याला हात लावायचा नाही. मग ‘माउंटपॉइंट /बूट’ चालवून हे पार्टिशन खरंच माउंट झालेलं आहे ना, ते तपासा. ते माउंट नसताना अपग्रेड झालं असेल, तर फाइल्स मूळ डिस्कवरच्या ‘बूट’ फोल्डरमध्ये पडतात आणि नंतर माउंट केलं की त्याखाली झाकल्या जातात. त्यानंतर ‘डीयू -एसएच /बूट/*’ने कोण किती जागा खातंय ते पाहा, आणि ‘डीपीकेजी -एल’च्या, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांच्या, यादीतून ‘लिनक्स-इमेज’ची पॅकेजेस वेगळी काढा.

यादी वाचताना एक फसगत होते. अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत ‘५.१५.०-१०१’ हे ‘५.१५.०-९१’च्या आधी येतं, आणि घाईत नवंच कर्नल जुनं समजून काढलं जातं. यादी ‘सॉर्ट -व्ही’मधून (व्ही कॅपिटल) काढा, तो आवृत्त्यांचा क्रम बरोबर लावतो.

सोप्या प्रसंगी नको झालेली पॅकेजेस सेटिंगसकट काढणारं ‘एपीटी-गेट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ एवढं पुरतं. पण अपग्रेड अर्धवट अडकलं असेल तर एपीटी ‘अनमेट डिपेन्डन्सीज’ म्हणून काहीच काढू देत नाही. ‘एपीटी-गेट -एफ इन्स्टॉल’ करा म्हणतं, आणि ते केलं की ते पुन्हा नवं कर्नलच बसवायला जातं, पुन्हा जागा संपते. या चक्रातून बाहेर पडायला एपीटी बाजूला ठेवून त्याच्या खालचं साधन, ‘डीपीकेजी --पर्ज’, थेट वापरायचं. सर्वांत जुन्या आवृत्तीची ‘लिनक्स-इमेज’, ‘लिनक्स-मॉड्यूल्स’, ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ आणि त्या आवृत्तीची ‘हेडर्स’ यांपैकी जी पॅकेजेस यंत्रावर असतील, ती सगळी एकाच आज्ञेत द्या. ती एकमेकांवर अवलंबून असतात. एकेक करून काढायला गेलात तर डीपीकेजीही अडवेल.

एवढ्यानेही मार्ग निघाला नाही, तर सर्वांत जुन्या कर्नलची इनिटआरडी तात्पुरती ‘/रूट’मध्ये हलवा, लगेच ते पॅकेज पर्ज करा, आणि मगच हलवलेली फाइल पुसा. ‘आरएम’ने व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी उडवून मोकळं होण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. तो अर्धवट आहे. डीपीकेजीच्या नोंदीत ते कर्नल बसवलेलंच राहतं, ‘/लिब/मॉड्यूल्स’मधला पसारा तसाच राहतो, आणि सगळ्या कर्नलांची इनिटआरडी नव्याने करणारी आज्ञा चालली की तीच फाइल परत उगवते. कुणी आधीच असं केलं असेल तरी पॅकेज रीतसर पर्ज करा. फाइल नसली तरी ते काम पूर्ण होतं.

जागा झाली की ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘एपीटी-गेट -एफ इन्स्टॉल’, शेवटी ‘अपडेट-ग्रब’. रीबूटच्या आधी ‘एलएस -एलएच /बूट’ पाहाच. प्रत्येक व्हीएमलिनझला तिच्या आवृत्तीची इनिटआरडी आहे का, आणि तिचा आकार शेजारच्या इनिटआरडीच्या जवळपास आहे का? ‘एलएसइनिटरामएफएस’ तिच्यातली यादी शेवटपर्यंत वाचू शकतं का? हे सगळं जमलं तरच रीबूट करा.

रेड हॅट घराण्यात पॅकेजांची नावं वेगळी आहेत, मुद्दा तोच. तिथे डीएनएफ (तिथलं एपीटीसारखं साधन) बहुधा आधीच सांगतं की ‘/बूट’मध्ये इतके एमबी कमी पडताहेत. किती कर्नल ठेवायची ते ‘/ईटीसी/डीएनएफ/डीएनएफ.कॉन्फ’मधल्या ‘इन्स्टॉलओन्ली_लिमिट’वर ठरतं. मूळ किंमत ३, जागा कमी असेल तर २ करा. तिथली सर्वांत मोठी फाइल बहुधा ‘०-रेस्क्यू’ नावाची असते. ती यंत्र बसवताना तयार होते, सगळ्या प्रकारच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर तिच्यात असतात, आणि अपग्रेडबरोबर ती नवी होत नाही. वेगळं बचाव माध्यम हाताशी असेल तर ती काढायला हरकत नाही. मात्र ‘ड्रॅकट-कॉन्फिग-रेस्क्यू’ हे पॅकेजही काढा, नाहीतर पुढच्या कर्नलबरोबर ती पुन्हा तयार होईल. केडंप (कर्नल कोसळल्यावर मेमरीची नोंद ठेवणारी सोय) वापरत असाल तर त्याचीही एक इनिटरामएफएस प्रत्येक कर्नलमागे तिथे साठते.

आता जागा मुळात पुन्हा पुन्हा का संपते? कारण आपण एरवीची जागा मोजतो, अपग्रेडच्या ऐन क्षणाची नाही. एपीटी जुनी कर्नलं काढण्याआधी नवं बसवतं. चालू असलेलं, त्यानंतरची दोन, आणि आता येणारं, अशी चार कर्नलं एकाच वेळी तिथे असू शकतात. शिवाय इनिटआरडी पुन्हा तयार करताना आधी ‘.न्यू’ नावाची फाइल शेजारी लिहिली जाते आणि मग ती जुनीच्या जागी बसते, म्हणजे आणखी एका इनिटआरडीची जागा हवी. एका कर्नलचे ११० एमबी धरले तर चार कर्नलांचे ४४०, वर या जादा इनिटआरडीचे ९० एमबी. ५१२ एमबीचं पार्टिशन इथेच संपलं. नवं यंत्र लावताना ‘/बूट’ला २ जीबी द्या, त्यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

ऑटोरिमूव्ह चालवूनही काही निघत नसेल, तर दोन कारणं तपासा. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’च्या यादीत आवृत्ती क्रमांकासहित ‘लिनक्स-इमेज’ दिसत असेल, तर ती कुणीतरी हाताने बसवलेली समजली जाते आणि आपोआप निघत नाही. तिला ‘एपीटी-मार्क ऑटो’ लावा. दुसरं कारण म्हणजे न केलेलं रीबूट. चालू कर्नल कधीच काढलं जात नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने रीबूट टाळलेल्या यंत्रावर एक जास्तीचं जुनं कर्नल कायम अडून राहतं. आपोआप अपग्रेड लावले असतील तर ‘रिमूव्ह-अनयूज्ड-कर्नल-पॅकेजेस’ हा पर्याय चालू आहे ना, तेही पाहा.

इनिटआरडी लहान करायची असेल तर ‘इनिटरामएफएस.कॉन्फ’मध्ये ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ करता येते. मग फक्त याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर आत जातात आणि आकार बराच घटतो. पण हीच डिस्क उद्या वेगळ्या कंट्रोलरवर किंवा दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनवर गेली, तर बूट होणार नाही. जिथे यंत्रं हलवली जातात तिथे हा पर्याय टाळा, त्याऐवजी कॉम्प्रेशन ‘एक्सझेड’ करा. बदल लागू करताना सगळ्या कर्नलांची इनिटआरडी एकदम बनवू नका, आवृत्ती देऊन एकेक बनवा.

कायमचा उपाय मोठ्या पार्टिशनचा. ‘/बूट’च्या लगेच पुढे बहुधा एलव्हीएम असतं, म्हणून ते जागच्या जागी वाढवणं त्रासाचं. रिकाम्या जागेत किंवा दुसऱ्या डिस्कवर नवं पार्टिशन करा, ‘आरसिंक -एएचएएक्स’ने (पहिला ए छोटा, बाकी अक्षरं कॅपिटल) सगळं हलवा, ‘बीएलकेआयडी’ने नवी यूयूआयडी (पार्टिशनची ओळख) घेऊन ‘एफएसटॅब’मध्ये, म्हणजे माउंटच्या यादीत, घाला आणि नवं पार्टिशन माउंट करा. यानंतर ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ दोन्ही चालवायचे. यूईएफआय (नव्या धाटणीचं फर्मवेअर) असलेल्या यंत्रावर ईएसपीमधल्या, म्हणजे फर्मवेअर वाचतं त्या वेगळ्या पार्टिशनमधल्या, छोट्या ‘ग्रब.सीएफजी’त जुनीच यूयूआयडी लिहिलेली असते, आणि ती ‘ग्रब-इन्स्टॉल’शिवाय बदलत नाही. नुसतं ‘अपडेट-ग्रब’ केलं तर यंत्र जुन्याच पार्टिशनवरून उठत राहतं, आणि ते पुसलं त्या दिवशी उठायचं थांबतं. म्हणून जुनं पार्टिशन अनमाउंट करून ठेवा, कन्सोल उघडा ठेवून रीबूट करा, पुढचं एक कर्नल अपग्रेड होऊ द्या, आणि ‘युनेम -आर’ नवी आवृत्ती दाखवेल तेव्हाच जुन्याला हात लावा.