लॉग इन : ओंडका, गाठी आणि पासवर्ड

नमस्कार, श्रोतेहो. बँकेचं ॲप उघडा नाहीतर रेल्वेचं तिकीट काढायला बसा, आधी ‘लॉग इन करा’ म्हणून अडवणूक होतेच. यातला ‘लॉग’ म्हणजे चक्क लाकडाचा ओंडका. त्याचं पासवर्डाशी नातं जुळलं ते समुद्रावर.

शिडाच्या जहाजाला वेग दाखवणारा काटा कुठला असायला! खलाशी दोरीला लाकूड बांधून मागे पाण्यात सोडत. विल्यम बोर्न या इंग्रजाने १५७४ साली ही रीत लिहून ठेवली आहे. पुढे ओंडक्याच्या जागी पाव वर्तुळाच्या आकाराची फळी आली. तिच्या गोल कडेला शिसं बसवलेलं, म्हणजे ती पाण्यात उभी राहून जवळपास जागीच थांबे. जहाज पुढे जाई तशी फिरकीवरून दोरी सुटे. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. एकजण वाळूचं घड्याळ धरी, दुसरा हातातून सरकणाऱ्या गाठी मोजी. घड्याळ २८ सेकंदांचं असलं, तर दोन गाठींमध्ये साधारण ४७ फूट. हिशेबच असा बसवलेला, की जितक्या गाठी तितके सागरी मैल ताशी. वैमानिक आजही वेग ‘नॉट’मध्ये सांगतात, ती हीच गाठ.

हे आकडे, दिशा आणि वारा ज्या वहीत उतरवत, ती लॉगबुक. भर समुद्रात आपण कुठे आहोत याचा अंदाज त्या नोंदींवरूनच बांधायचा, त्यामुळे वहीत हयगय चालत नसे. हळूहळू ‘लॉग’ म्हणजे नोंद, असाच अर्थ रुळला.

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय करून दाखवली. यंत्र महाग, म्हणून प्रत्येकाला वेळ वाटून दिलेला. कोण बसलं, किती वेळ बसलं, हे टिपायलाच हवं. कामाला बसताना ‘लॉगिन’, उठताना ‘लॉगआउट’. पासवर्डही तिथे होताच. वाट्याचा वेळ पुरेना म्हणून एका संशोधकाने १९६२ मध्ये सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली!

म्हणजे लॉग इन हा मुळात दारातला पहारेकरी नव्हे, हजेरीपट आहे. मराठी विकिपीडियावर यासाठी ‘सनोंद प्रवेश’ असा शब्द योजलेला दिसतो. जरा सरकारी वाटतो खरा, पण मला विचाराल तर नुसत्या ‘प्रवेश’पेक्षा तोच नेमका आहे.